आपा, तुझं 'नाही' मी खोडू देणार नाही

प्रिय रेहानाआपा,

पत्र तुला आहे, पण मी ते मोठ्यानं वाचणार आहे. लातूरच्या या छोट्या सभागृहात तुझ्या शोकसभेला आलेली सगळी माणसं मराठवाड्यातली आहेत, आणि आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. आपण विचारतो आणि उत्तर येत नाही! नळाला विचारलं, उत्तर नाही. कचेरीला विचारलं, उत्तर नाही. नवा जिल्हा कधी होणार म्हणून किती वर्षं विचारतोय, उत्तर नाही. आभाळाला तर आपण विचारायचंच सोडून दिलं.

आणि वरचे लोक म्हणतात, ही माणसं गप्प आहेत, म्हणजे यांचं बरं चाललंय.

आजच का लिहिते? कारण उद्या सकाळी तुझं 'नाही' खोडायचं ठरलंय. गेल्या गुरुवारी तू आपल्या ऑफिसातल्या वैभवनं लिहिलेल्या कोडवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर, आक्षेप नोंदवलास. शनिवारी तू गेलीस. सोमवारी तो आक्षेप कसा काढायचा याची बैठक झालीसुद्धा! तुझ्या कबरीवर शिंपडायला तांब्याभर पाणी सनानं, तुझ्या लेकीनं, शेजाऱ्यांकडून मागून आणलं होतं. ते वाळतं न वाळतं तोच.

तुला आठवतं, हदगावहून नोकरीला आले तेव्हा मी तुला 'मॅडम, तुम्ही' म्हणत होते? तू चष्म्यावरून बघितलंस. "तुम्ही म्हणायला मी काय कलेक्टर हाय का? आपा म्हण, तू म्हण. चुकलीस तर मी बी तुला लई काय काय म्हणणार हाय."

मी कॉलेजात वादविवाद गाजवून आलेली. जयंतीच्या स्टेजवर दहावीपासून बोलत आलेली. कोडसुद्धा तसंच लिहायची, लांबलचक आणि जोरदार, मुद्दा सगळ्यात शेवटी. माझं पहिलं काम तपासून तू काय म्हणालीस? "बाई, टाळ्या कुठं वाजवायच्या ते बी लिहून ठेव." सगळं ऑफिस हसलं. मी डबा न खाता बसून राहिले होते. दुपारी तूच माझ्यापुढं ज्वारीची भाकरी आणि खर्डा सरकवलास. "खा. राग पोटात रिकाम्या जागी बसतो."

तुला माहीत असलेलंच आता सांगते, कारण सभागृहाला ते माहीत नाही.

गावाच्या टाकीवर आपल्या कंपनीचा एक डबा बसवलेला असतो. टाकीत पाणी किती आहे ते त्याला कळतं. तालुक्याच्या कचेरीतलं मशीन मोबाइलच्या लाइनवरून त्याला विचारतं, पाणी किती? डबा सांगतो, आणि त्यावरून टँकर कुठं पाठवायचा ते ठरतं. नेटवर्कवर प्रत्येक डब्याला एक आयपी ॲड्रेस असतो, म्हणजे त्याला हाक मारायचा पत्ता. या उन्हाळ्यात वीज गेली की टॉवर बंद पडायला लागले आणि टॉवरबरोबर डबेही मुके झाले. म्हणून ठरलं, प्रत्येक डब्यात दोन कंपन्यांची दोन सिमं घालायची. एक लाइन मेली तर दुसरी. म्हणजे एका डब्याला दोन पत्ते. आणि आपल्या सॉफ्टवेअरला तर डब्याला एकापेक्षा जास्त पत्ते असू शकतात हेच ठाऊक नव्हतं! ते शिकवायचं काम वैभवकडं आलं. तपासायचं काम तुझ्याकडं.

आपल्या धंद्याची रीत आहे. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासायचं. तपासणारा 'हो' म्हणेपर्यंत लिहिलेलं पुढं जात नाही. ही रीत तू जितकी पाळलीस तितकी कुणी पाळताना मी पाहिलं नाही.

वैभवनं मेहनत केली होती. ते मी नाकारत नाही, तूही कधी नाकारलं नाहीस. ऑफिसच्या टेबलावर सगळं झकास चाललं. मग मुखेडच्या पलीकडं, माळावरच्या चिंचवाडीतल्या एका डब्यात ते चाचणीसाठी घातलं. आणि तिथल्या गोदाबाईंचा फोन आला. गोदाबाई टाकीचा व्हॉल्व्ह उघडून गावाला पाणी सोडतात. आज त्या दोन एसट्या बदलून आल्यात, तिसऱ्या रांगेत बसल्यात. त्यांचा आवाज तू सगळ्या ऑफिसला ऐकवला होतास.

"आवं म्याडम, टाकीत पाल फिरून राहिली, पाल! आन टँकरवाला म्हणतोय, तुमच्या गावाची मागणीच न्हाई. मागणी न्हाई म्हंजी काय? आमी काय हितं पव्हायला जातो का?"

"पाल काय म्हणती, गोदाबाई?"

"ती बी टँकरची वाट बघती!"

तू हसलीस, फोन ठेवलास, आणि तुझा चेहरा उतरला. कारण तुला कळलं होतं. डब्याकडून उत्तर आलं नाही, तर कचेरीतल्या पडद्यावर ते गाव 'मागणी नाही' या खान्यात जाऊन बसतं. जो बोलला नाही, त्याला काही नको. असा हिशेब कुणी बसवला, आपा? आणि इतकी वर्षं आपण तो चालवून कसा घेतला?

मुखेडची एसटी पकडून तू गेलीस, पुढं जीपनं माळावर. दुसऱ्या दिवशी उन्हानं काळवंडून परत आलीस ती चिंचवाडीचा डबा पिशवीत घेऊनच. डबा टेबलावर ठेवलास, झाकण उघडलंस, पहिलं सिम काढून घेतलंस आणि वैभवला म्हणालीस, "आता इचार."

वैभवनं विचारलं. प्रश्न दुसऱ्या पत्त्यावर नीट पोहोचला. आणि उत्तर? वैभवच्या कोडमध्ये दोन पत्त्यांची यादी होती खरी, पण उत्तर पाठवताना ते कोड त्या यादीतला पहिलाच पत्ता उचलत होतं. प्रश्न मागच्या दारानं आत आला, उत्तर पुढच्या दाराकडं निघालं, आणि पुढचं दार तर बंद! डब्याला पाणी किती ते माहीत होतं. त्यानं ते सांगितलंही. ऐकू मात्र कुणालाच आलं नाही.

"आपा, दोन्ही लाइनी चालू असल्या की सगळं बरोबर चालतंय की," वैभव म्हणाला.

"दोन्ही चालू असल्या तर दुसरी कशाला घातली रे बाबा? शोभंला?"

आणि मग तू तपासणीच्या पानावर लिहिलंस, "पहिलाच का?" खाली 'नाही'वर बोट दाबलंस, पर्स उचललीस आणि उदगीरची बस गाठायला निघून गेलीस.

दोनच शब्द! मी असते तर दोन पानं लिहिली असती. आता तेच शब्द तुझ्यावर उलटवतात, "दोन शब्दांपायी एवढं काम अडवायचं का?" थोडं जास्त लिहायला काय झालं होतं गं? आणि छातीत जळजळ होतेय म्हणून दिवसभर ओवा चघळत बसण्यापेक्षा डॉक्टरकडं जायला काय झालं होतं? दुसऱ्याच्या कोडमधली बारीकशी चूक तुला खुपायची. स्वतःच्या छातीतलं दुखणं तेवढं तू न तपासता पुढं जाऊ दिलंस!

आता सोमवारची बैठक.

विश्वनाथअप्पा, आपले मालक, डोळे पुसत होते. ते खोटं नव्हतं. "आपा माझ्या लेकीसारखी होती," म्हणाले. "पण डब्यांचं काम थांबून कसं चालंल? पुढच्या आठवड्यात सगळ्या गावांच्या डब्यांत नवं सॉफ्टवेअर घालतो, म्हणून कचेरीच्या साहेबांना शब्द दिलाय. एवढं एक जाऊ द्या, दुरुस्ती मागून करू."

पण तुझं 'नाही' पानावर उभं होतं, आणि ते असेपर्यंत काम पुढं सरकेना. मागं घ्यायचं तर तूच घ्यायला हवंस. नाहीतर कुणीतरी ते रद्द करायचं. तसं बटण आहे, आपा. दाबलं की एक चौकोन उघडतो आणि विचारतो, कारण काय? वैभवनं त्यात लिहिलं, 'आक्षेप घेणारी व्यक्ती आता हयात नाही.'

मी कीबोर्डवर हात ठेवला. "व्यक्ती हयात नाही, वैभव. प्रश्न हयात आहे!"

"सुजाता," अप्पा म्हणाले, "ही सभा न्हाई, ऑफिस हाय."

"मग सभेत बोलते, अप्पा," मी म्हटलं. "गुरुवारी शोकसभा आहे. त्याच्या आधी हे बटण दाबायचं नाही." ते कबूल झाले, कारण तुझ्या शोकसभेआधी घाई केली असं गावात बोललं जायला नको होतं. म्हणून मला आजचा दिवस मिळाला. आणि अप्पा, बघा, बोलतेय!

आपा, उदगीरचं धरणं आठवतं? नव्या जिल्ह्यासाठी मंडप टाकला होता. मी घसा फुटेस्तोवर बोलले. जिल्हा झालाच पाहिजे म्हणून लोकांनी टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. खाली उतरले तर तू शेंगदाण्याची पुडी घेऊन उभी. "भाषण लई भारी. उदगीर जिल्हा झाला तर माझी बी रोजची लातूरची एसटी वाचंल. पण एक सांग सुजाता, नव्या जिल्ह्यात बी यादीतल्या पहिल्यालाच पाणी मिळणार असंल, तर नवा जिल्हा घेऊन करायचं काय?"

मी चिडले होते. म्हटलं, आपा, आता फाटे फोडू नकोस. आज मला कळतं, तो फाटा नव्हताच. माझ्या भाषणात तुला दिसला तोच प्रश्न तुला वैभवच्या कोडमध्ये दिसला. या उन्हाळ्यात लातूर शहराला रेल्वेनं पाणी आलं. आलंच पाहिजे होतं, शहर तहानलं होतं. पण चिंचवाडीला रेल्वे नाही, पहिल्या सिमच्या टॉवरला डिझेल नाही. तिच्याकडं फक्त दुसरा पत्ता आहे, आणि आपण तिला सांगतोय की दुसरा पत्ता नावापुरताच आहे! उद्या हे सगळ्या गावांत गेलं, तर ज्या ज्या माळावर टॉवर मरेल तिथली टाकी कोरडी असताना पडदा म्हणेल, मागणी नाही. आणि ते लिहून देणारे आपण असू. कचेरी नव्हे, आभाळ नव्हे. आपण!

मागून दुरुस्ती करू म्हणे. ज्याची ओरड कुणाच्या पडद्यावर उमटतच नाही, त्याच्यासाठी मागून कोण येतं? आम्ही पिढ्यान्‌पिढ्या 'मागून' ऐकत आलोय. मी हे 'मागून' मानत नाही!

वैभव, तुझ्यावर माझा राग नाही. आपाचाही नव्हता. जिच्याकडून तू शिकलास, तिचं मरण हे तुझ्या कोडसाठी 'हो' होऊ देऊ नकोस, एवढंच म्हणते.

आता तुला वचन देते, आपा. तुझ्या 'नाही'ला उत्तर मिळाल्याशिवाय ते निघणार नाही. त्यांनी बटण दाबलंच, तर त्याच ठिकाणी, त्याच दोन शब्दांत, मी माझं 'नाही' लिहीन. आणि ते खोडायला त्यांना दुसरं कारण शोधावं लागेल, कारण मी हयात आहे! यापुढं माझ्या हाती तपासायला येणारं प्रत्येक काम पहिली लाइन काढूनच तपासलं जाईल. मी भाषणं थांबवणार नाही, ते तुलाही जमलं नाही. पण भाषणाआधी चालवून बघीन.

तुझा फोटो मांडून त्याला हार घातलेला नाही. तुला ते आवडलं नसतं आणि घरच्यांनाही. टेबलावर फोटोच्या जागी चिंचवाडीचा तोच डबा ठेवलाय, दोन्ही सिमांसकट. शेजारी लॅपटॉप सुरू आहे. गोदाबाई समोर आहेत, अप्पा आहेत, कचेरीचे साहेब आहेत.

वैभव, ऊठ. पुढं ये. पहिलं सिम काढ आणि सगळ्यांदेखत डब्याला विचार, पाणी किती?

टाळ्यांच्या जागा लिहून न ठेवणारी,
तुझी सुजाता