पोकळ हात

क्रेगीबर्न,
ऑगस्ट २०२१

प्रिय प्रताप,

पाकिटावर माझं अक्षर बघून हसला असशील. दादाचं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं का, म्हणशील. फोनवर आपण दोघं हवापाण्याच्या पुढे गेलो की भांडतो, आणि मेसेज केला तर तू नुसता अंगठा टाकून मोकळा होतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा उद्योग. तुझी वीणावहिनी म्हणते, तुझं अक्षर वाचायला प्रतापला केमिस्ट गाठावा लागेल. गाठ. पण शेवटपर्यंत वाच.

आमच्याकडे लॉकडाऊनचं तेच. उघडतं, बंद होतं, पुन्हा उघडेल म्हणतात. गॅरेज चालू ठेवायला परवानगी आहे, पण गिऱ्हाईक घराबाहेर पडायला घाबरतं. मग फोन करतात आणि फोन बॉनेटमध्ये धरतात. मी इकडे कानाला लावून सांगतो, बेल्ट गेलाय, नाहीतर बेअरिंग. पलीकडच्या गल्लीतला लेबनीज म्हातारा म्हणाला, मेट, तू मेकॅनिक की भूत? म्हटलं, दोन्ही, पण बिल मेकॅनिकचं येईल. हसून हसून त्याला खोकला लागला आणि मग दोघंही एकदम गप्प झालो. हल्ली कोणी खोकलं की असंच होतं.

तुला हे सांगायचं कारण असं, की फोनमधून काय ऐकू येतं आणि काय नाही, हे मला आता चांगलं कळतं. आणि गेल्या शनिवारी पोरांचा फोन मध्येच तुटला, तेव्हापासून स्पृहाचा आवाज कानावर नाही. तिला अभ्यास आहे, असं तू कळवलंस. ओजस रोज विचारतो, इज स्प्रु इन ट्रबल? मी त्याला नो वरीज म्हणतो. तो माझ्याकडे बघत राहतो. पोरगं माझंच आहे, त्याला पटत नाही.

दर शनिवारी दुपारी पोरं काय करतात, हे तू कधी बसून बघितलंयस का? लीना शिफ्टला गेलेली असते, तू वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर. खाली तुझी पोरगी आणि इकडे माझा पोरगा एकाच वेळी ती ड्रॅगनवाली मालिका लावतात, आणि फोन चालू ठेवून भांडत बघतात. मी कांदे चिरत, मटार सोलत तिथेच असतो. सुरुवातीला मला ते सगळं खुळचट वाटलं. तलवारी काय, उडते दगड काय. पण त्यातल्या त्या दोघांनी मला धरून ठेवलं. टेरिक आणि लूमा. दोघंही अनाथ, दोघांनाही एकाच सरदाराने किल्ल्यात वाढवलेलं. मोठे झाले ते एकमेकांचे हाडवैरी. ती गोड बोलते आणि जिंकल्याशिवाय जेवत नाही. तो कोणी जवळ आलं की आधी तलवारीला हात घालतो, मग बघतो कोण आहे ते. ओजस म्हणाला, टेरिक तर सरळ सरळ ईव्हिल आहे. त्यावर तुझी लेक शांतपणे म्हणाली, ही इज नॉट ईव्हिल, ही इज जस्ट लिसनिंग ऑल द टाइम. मग म्हणाली, तू बघ ना, तो कधीच दाराकडे पाठ करून बसत नाही.

मटार सोलता सोलता मी मान वर करून बघितलं. स्क्रीनवर स्पृहा भिंतीला पाठ लावून बसलेली. समोर तुमच्या जिन्याचा दरवाजा असणार, कारण तिचे डोळे एकसारखे तिकडे जात होते.

मग मी ऐकायला लागलो. तुला माझ्या कानांची सवय आहे. वर तुझी ऑफिसची चाकवाली खुर्ची मागे सरकते, गुरगुरल्यासारखा आवाज होतो. तेवढ्यात स्पृहाचा माइक बंद होतो. तू जिना उतरायच्या आधी. तुझा हात रेलिंगला लागायच्याही आधी. स्क्रीनवर तिच्या चौकटीत तोंड दिसतं, आवाज नाही. तिची नजर तुझ्यामागे स्वयंपाकघरात जाऊन परत जिन्यावर चढली की माइक चालू होतो, आणि ती जिथे थांबली त्याच शब्दावरून पुढे बोलायला लागते. ओजसला वाटतं त्यांचं नेट खराब आहे. मीही त्याला तसंच सांगितलं.

प्रताप, अण्णांच्या सायकलचं स्टँड आठवतं? गिरणीतून आले की स्टँड हळू लागलं तर आपण खेळत राहायचो. खाडकन लागलं, की तू पुस्तक उघडायचास आणि मी देवासमोर उदबत्ती लावायचो. आईच्या आधी आपल्याला कळायचं. लोक मला म्हणतात, अजित, तुझ्या कानांत देवाने काहीतरी जास्तीचं घातलंय. कशाचा देव! गिरणीच्या टाइमकीपरने, अण्णांनी घातलंय.

आणि ते पाढे. अण्णा बाहेर ओट्यावर पेपर धरून बसणार, आपण आतल्या खोलीत. सतरा आठे? एकोणतीस सक? जो बरोबर सांगेल त्याने चुकणाऱ्याच्या गालात मारायची, आणि तिचा आवाज ओट्यापर्यंत आला पाहिजे. आत येऊन ते बघायचे नाहीत, नुसते ऐकायचे. तेव्हा तू तिसरीत होतास. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राच्या बोंगोवाल्याकडे बघून तू ती युक्ती काढलीस. तळहात वाटीसारखा पोकळ करायचा. आवाज असा घुमतो की शेजारी दचकतील, आणि गालाला फुंकर मारल्यासारखं वाटतं. मग आपण दोघं आईगं म्हणून ओरडायचो. तू तर इतका झकास कळवळायचास की मला तोंडात बोळा कोंबून हसू दाबावं लागायचं. आपलं लहानपण वाईट होतं असं कोणी म्हणालं की मला आधी ते दिवस आठवतात. आपण दोघं एका बाजूला होतो रे.

मग एकदा अण्णा चष्मा न्यायला आत आले आणि तुझा गाल कोरा दिसला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, नुसता आवाज नको, वळ दिसला पाहिजे. उजेडात नेऊन बघायचे. तेव्हापासून तू मला खरं मारलंस आणि मी तुला. हुकूम देणारा बाहेर ओट्यावर, डोळ्यासमोर मात्र तू. राग मग तुझाच येणार. टेरिक आणि लूमाचंही तसंच निघालं. दोघं दोन देश जाळत सुटलेत आणि सरदार आपला किल्ल्यात द्राक्षं खातोय. ज्या भागात त्यांना हे कळतं, तो बघताना ओजस म्हणाला, बाबा, दे आर सो डम्ब, एकमेकांशी बोलले असते तर संपलं असतं. मी म्हटलं, हो रे, आणि कांदा नसतानाही डोळे पुसले.

आपणही कमी नाही. तू मेरिटमध्ये आलास तर मी ऑस्ट्रेलिया गाठली. मी इथे भांडी घासून गॅरेज टाकलं, तर तू सरळ व्हिसा घेऊन सूटबुटात उतरलास, आणि उतरलास तो सिडनीत, माझ्या गावात नको म्हणून. तू स्कोफिल्ड्सला घर बांधलंस तेव्हा मी लीनाला गोड बोलून किती बेडरूम ते काढून घेतलं, आणि मगच आमचं नक्की केलं. हसू येतं आता. अण्णा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपण अजून त्यांना उजेडात गाल दाखवतोय.

तुझं काय चाललंय ते मला कळत नाही असं समजू नकोस. कंपनीने माणसं काढली, उरलेल्यांवर दुप्पट काम, वर सगळं त्या एका खोलीतून. लीना रोज वृद्धाश्रमात पीपीई घालून जाते आणि तू तिच्या काळजीत. मीही परवा वीणावर चिडून भांडं आपटलं. पण स्पृहाचं गणित तू घेतोस, हे मला तिने सांगितलं. हसत सांगितलं, काका, बाबा आस्क्स फ्रॉम अपस्टेअर्स. वरून विचारतात. मला ओट्यावरचा पेपर दिसला. तरी म्हटलं, छान.

आता गेल्या शनिवारचं. टेरिक त्या सरदारासमोर पहिल्यांदा तलवार खाली ठेवतो, तो भाग चालू होता. दोन्ही पोरं श्वास रोखून. वर खुर्ची सरकली, ती मला इकडे ऐकू आली. स्पृहाला आली नाही, प्रताप. पहिल्यांदाच ती स्वतःला विसरून काहीतरी बघत होती. जिना वाजला, तू वर्कशीटबद्दल काहीतरी विचारलंस, तिने उत्तर दिलं, आणि मग तो आवाज आला. ओजसला वाटलं पुस्तक पडलं. पोकळ हाताचा आवाज गोल असतो, घुमतो, आणि आरोळी त्याच्यासोबतच येते. खऱ्याचा कोरडा असतो, लगेच मरतो, आणि त्याच्यामागे आधी एक श्वास ऐकू येतो. मी तो श्वास ऐकला. मग ‘सॉरी बाबा’. मग फोन बंद. मी गाडीची किल्ली घेऊन दारापर्यंत गेलो. वीणाने विचारलं, कुठे? सिडनीचा रस्ता बंद, बॉर्डर बंद, साध्या फिरण्यालाही किलोमीटर ठरवून दिलेले. मी किल्ली पुन्हा खिळ्याला लावली. तेव्हापासून रोज फोन हातात घेतो. जिथे करायला हवा, त्या मुलांच्या हेल्पलाइनला केला तर भाऊ जाईल, नाही केला तर पोरगी जाईल. अण्णांसारखाच मी बाहेर बसून नुसता आवाज ऐकतोय. येत्या शनिवारी ओजस नेहमीसारखा फोन लावेल. शेवटचा भाग राहिलाय. तिला उचलू दे, आणि तू खाली येऊन तिच्याशेजारी बस. मी काही विचारणार नाही. तिने उचलला नाही, तर मात्र मी आधी लीनाला फोन करीन आणि मग जिथे करायचा तिथे. दादाने पाठीमागून केलं असं म्हणू नकोस, म्हणून आधीच लिहितोय. मला हे जमेल की नाही, मलाच माहीत नाही. एवढंच आठव, की मला लागू नये म्हणून पोकळ हात तू शोधला होतास. मी नाही.

कान लावून बसलेला, तुझाच
दादा