सातवा अर्ज नामंजूर झाला त्याबद्दल

तीर्थरूप वहिनींस,

तुमच्या धाकट्या दिराचा (वय वर्षं एकसष्ट, तरी धाकटाच) वाकून नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे. इकडे काहीही ठीक नाही. तुमचा गुडघा कसा आहे? शिवायला सलग बसू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते तुम्ही ऐकत नसणार. आमच्या हिची पाठ बरी आहे. माझं ब्लडप्रेशर बरं नाही आणि त्याला कारण एक कुत्रा आहे. गेल्या आठवड्यातल्या त्या प्रकारानंतर तुमचा फोन आलेला नाही. मीही केला नाही, कारण फोनवर समोरचा माणूस मध्येच बोलतो. पत्रात ती सोय नाही. तेव्हा सगळं पहिल्यापासून लिहितो आहे, ते शेवटपर्यंत वाचा. हे पत्र माफीचं नसून खुलाशाचं आहे, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं.

बसडेपोत बत्तीस वर्षं वेळापत्रकं आखून मी घरी बसलो, आणि दीड महिन्यात दूध तापवण्याचं, गिझरचं आणि वर्तमानपत्र कुणी आधी वाचायचं याचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. हिने ते तीन दिवस सोसलं. चौथ्या दिवशी मला दंडाला धरून भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात नेलं आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या ताब्यात दिलं. (लोक इथे कुत्री आणून सोडतात, पण नवरा आणून सोडणारी ही पहिलीच, हा विनोद डॉक्टरीणबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.) तिथे मला घरं पारखायचं काम मिळालं. म्हणजे कुत्रा मागायला आलेल्या माणसाचा अर्ज घ्यायचा, त्याची मुलाखत घ्यायची आणि अर्जावर मंजूर किंवा नामंजूर असा शिक्का मारायचा. टेबलावर शिक्का बघितला आणि माझा राग निम्मा उतरला.

उतरलेला निम्मा राग कोपऱ्या नावाच्या कुत्र्याने पुन्हा चढवला. हे नाव सफाईच्या बाईंनी ठेवलं, कारण आल्या दिवसापासून हा कुत्रा आपल्या खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसलेला. तपकिरी रंग, एक कान दुमडलेला, बाकी आम्ही त्याची फक्त पाठ बघितली आहे. चार महिने पाठ! भुंकत नाही, चावत नाही, सगळे निघून गेल्यावरच जेवतो. त्याला कुणीतरी फार दिवस कुठेतरी कोंडून ठेवलं असणार, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. आजार काही नाही, याला फक्त वेळ हवा. म्हणून फळ्यावर लिहिलं होतं, ‘घर हवं. माणसं संयमी हवीत. बाकी काही नसलं तरी चालेल.’ आता झालंय असं, की त्याची खोली आहे त्या मागच्या रांगेचं छप्पर गळतं. ते या महिन्याच्या तीस तारखेला उतरवणार. तोवर ज्यांना घर मिळणार नाही ती कुत्री गावाबाहेरच्या मोठ्या निवाऱ्यात जाणार. तिथे एकशे ऐंशी कुत्री एकाच वेळी भुंकतात. तिथे हा पहिल्याच दिवशी जेवण सोडेल, असं डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं. तेव्हा संयमी माणूस शोधायचा, आणि तो कुणी शोधायचा? मी. लिफ्ट यायला उशीर झाला तर बटण सहा वेळा दाबणारा मी.

पण काम अंगावर घेतलं की मी ते पद्धतशीर करतो, हे दादा तुम्हाला सांगायचा. मी एक परीक्षा काढली. अर्जदाराला अकरा दहाची वेळ द्यायची, बाहेरच्या बाकावर बसवायचं आणि चाळीस मिनिटं बोलवायचंच नाही. जो न कुरकुरता बसेल तो संयमी. साधा हिशेब! पहिल्या बाई आठव्या मिनिटाला मला शिस्तीवर व्याख्यान देऊन गेल्या. दुसरा प्लंबर होता. त्याने वाट बघता बघता बाकाशेजारचा गळका नळ दुरुस्त केला. परीक्षा बसण्याची होती, नळाची नव्हती, म्हणून त्याला नामंजूर केलं. (नळ अजून गळत नाही. हे हिला सांगू नका.) तिसरा दर तीन मिनिटांनी दारातून डोकं आत घालायचा. चौथ्याने बाविसाव्या मिनिटाला आत येऊन, तुम्ही एवढे अस्वस्थ का, पाणी आणू का, असं मलाच विचारलं. त्यालाही नामंजूर केलं. कारणाच्या रकान्यात ‘आगाऊपणा’ लिहिलं.

पाचवे दंतवैद्य निघाले. पन्नास मिनिटं हललेसुद्धा नाहीत. मी हर्षभराने शिक्का मारला. नंतर कळलं की या गृहस्थांना उघड्या डोळ्यांनी झोपायची सवय आहे आणि त्या दिवशी त्यांची झोप छान झाली होती. कुत्रा घरी नेल्यावर तो वॉशिंग मशीनच्या मागे गेला. दंतवैद्य त्याच्यासमोर आडवे पडून, पेशंटशी बोलतात त्या लाडिक आवाजात, काही दुखणार नाही, काही दुखणार नाही, असं दोन दिवस म्हणत राहिले. वहिनी, त्या आवाजात ते वाक्य ऐकल्यावर मीसुद्धा वॉशिंग मशीनच्या मागे गेलो असतो. तिसऱ्या दिवशी कोपऱ्या परत आला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला.

सहावं एक तरुण जोडपं. दोघांनी मिळून सव्वा तास काढला, एकदाही मान वर न करता. माझे डोळे भरून आले. (दोघांच्या हातात मोबाईल होते हे मी बघितलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही.) दुसऱ्या दिवशी फोन, की कुत्रा पळाला. मग मी, डॉक्टरीणबाई आणि सफाईच्या बाई आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घालत हिंडलो. खांबाखांबावर कागद चिकटवले. त्यावर फोटो छापायचा तर आमच्याकडे फक्त पाठीचा. शेवटी कुत्रा सापडला तो त्यांच्याच कपाटात, खालच्या खणात, स्वेटरांवर बसलेला. दरम्यान त्याच कपाटातून दोघांनी दोनदा कपडे काढले होते! मी कोपऱ्याला घेऊन परत आलो.

एवढं सगळं डोक्यावर घेऊन मी बसलेलो असताना सातवा अर्ज आला, आणि त्यावर तुमचं नाव. दादा गेल्यापासून घर फार मोठं वाटतं, असं तुम्ही कारणाच्या जागी लिहिलं होतं. ते वाचून मला काहीतरी झालं, आणि मला काही झालं की मी कडक होतो. नात्यातला अर्ज म्हटल्यावर तर जास्तच. उद्या कुणी म्हणायला नको की वहिनी म्हणून सूट दिली. म्हणून तुम्हालाही अकरा दहा. मी खुर्चीत. घड्याळ समोर. अकरा दहा झाले, वहिनी नाहीत. अकरा वीस, नाहीत. साडेअकरा. मी फेऱ्या मारायला लागलो. अकरा पन्नासला तुम्ही आलात, साडीला मागे धूळ, केसात गवताची काडी, आणि भाऊजी, जरा उशीर झाला, अहो तिथे, एवढंच म्हणालात. पुढचं मी बोलूच दिलं नाही. ‘अर्जदार वेळ पाळत नाही’ असं लिहिलं, शिक्का मारला आणि अर्ज तुमच्याच हातात दिला. तुम्ही तो घडी घालून पर्समध्ये ठेवलात. बरं, भाऊजी, म्हणालात आणि गेलात. त्या ‘बरं’नंतर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण नियम म्हणजे नियम, असं मी हिला सांगत राहिलो.

चौथ्या दिवशी सफाईच्या बाईंनी मला विचारलं, त्या शिवणकामवाल्या ताई परत कधी येणार? मी विचारलं, का? आणि मग त्यांनी जे सांगितलं ते असं. तुम्ही आला होतात अकरालाच. दहा मिनिटं आधी! हाताशी वेळ होता म्हणून मागच्या रांगेकडे गेलात. तो भिंतीकडे तोंड करून बसलेला बघून तुम्हीही त्याच्या जाळीला पाठ लावून, तोंड दुसरीकडे करून, खाली जमिनीवर बसलात. त्या गुडघ्यासकट! बोलावलं नाहीत, चुचकारलं नाहीत, पिशवीतून कुणाचातरी शर्ट काढून त्याची उसवलेली बाही शिवत बसलात. पावणेबाराच्या सुमाराला त्याने तोंड फिरवलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. हळूहळू जाळीपर्यंत आला, फटीतून नाक बाहेर काढलं आणि तुमच्या पिशवीत घातलं. तुम्ही हलला नाहीत. तो स्वतःहून मागे जाईपर्यंत उठला नाहीत. तुम्हाला अकरा दहाची वेळ आहे याची सफाईच्या बाईंनी दोनदा आठवण करून दिली. तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात म्हणे, भाऊजी समजून घेतील.

मी सफाईच्या बाईंवर ओरडलो, की हे मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, तुम्ही विचारलंत कुठे? हे सगळं मी घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. तिने मान वर न करता एवढंच म्हटलं, की चाळीस मिनिटं ज्याला थांबता आलं नाही असा त्या दिवशी तिथे एकच माणूस होता, आणि त्याने अर्ज केलेला नव्हता. वहिनी, बत्तीस वर्षांत मला डेपोमॅनेजरनेही इतकं तोंडावर पाडलं नव्हतं.

तर झाला प्रकार असा आहे. तुम्हाला तो नीट कळावा, मनात अढी राहू नये, एवढ्यासाठीच लिहिलं. दुसरा काही हेतू नाही. गुडघ्याला शेक घेत जा.

तुमचा,
शिक्का परत करून आलेला दीर

ता. क. – दुसरा हेतू आहे. वर खुलासा म्हटलंय, तो संपला. आता माफी मागतो. चूक माझी होती, सगळी माझी होती. हे वाक्य तीन कागदांवर लिहून फाडलं, हा चौथा. दादा असता तर त्याने मला तिथल्या तिथे कानाला धरून तुमच्यासमोर उभं केलं असतं.

ता. क. २ – कोपऱ्याला न्या, वहिनी. परीक्षा नाही, मुलाखत नाही. आज अठ्ठावीस तारीख आहे. तुमची माप घ्यायची टेप त्या दिवसापासून तुम्ही शोधत असाल. ती त्याने पिशवीतून काढून घेतली. तेव्हापासून ती तोंडाशी घेऊन झोपतो. डॉक्टरीणबाईंनी मागितली, दिली नाही. मी मागितली तर त्याने नुसती पाठ केली.

ता. क. ३ – हे पेन्सिलीने लिहितोय, अक्षराला क्षमा असावी. पत्र टपालाने तीसच्या आत पोचेल याची खात्री वाटेना, म्हणून स्वतःच घेऊन आलो. तुमच्या जिन्यात, वरून दुसऱ्या पायरीवर बसलोय. शेजारी कोपऱ्या आहे, तोंडात टेप. पंधरा मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला दोन तास वीस मिनिटं लागली, कारण तो दर खांबाशी थांबायचा आणि त्याला ओढायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. बेल वाजवली तर हा खाली पळेल. म्हणून हे दाराखालून आत सरकवतोय. आतून मशीनचा आवाज येतोय. हातातली शिलाई पुरी होऊ द्या. मग दार उघडा, थोडंसंच, आणि आमच्याकडे बघू नका. सावकाश उठा, वहिनी. आम्हाला दोघांनाही अजिबात घाई नाही.