भेसळीची गाठ

वडगाव रासाई
१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

ज्ञानाताई,

तुला साष्टांग लिहिणार व्हतो, पण खाली वाकायला सध्या मनाई हाय. तवा उभ्यानंच नमस्कार घे. पत्र संपतमामाच्या हातानं देतोय. दाजींचा आवाज काढून मी तुला एवढ्यांदा फसवलंय, की फोन तू ठेवूनच देशील.

इकडं सगळं बरं. आप्पांनी कांद्याचं रोप टाकलंय. गेल्या साली बियाणात भेसळ निघाली म्हणून औंदा घरचंच बी. तुझ्या काळ्या गाईला कालवड झाली. तिला मी तुझ्या सासूबाईंचं नाव ठेवलं व्हतं, आईनं हाणलं, मग बदललं.

मी कंपनीत जात न्हाई सध्या. काढलं न्हाई, रजेवर हाय.

झालं असं, कारेगावात लायनीवर काम करताना मला काकवीचा वास आला. कंपनीत कुठली काकवी? शेजारच्या यूपीवाल्याला विचारायला वळलो, पुढचं आठवत न्हाई. तो सांगतो, मी काहीतरी चावल्यासारखं तोंड हलवत शर्टाची बटणं ओढत व्हतो. तो आधी हसला, "नौटंकी मत कर" म्हणला. मग मी पडलो, जिभेतनं रक्त आलं, तवा उचललं मला.

ताई, तसाच वास मला कासुर्डीत, तुझ्या सासरी, लग्नाच्या पूजेत आलता.

आरती चालू व्हती. तुझ्या सासूबाईंच्या अंगात आलं, आन् शेजारी मी तोंड हलवत शर्ट ओढाय लागलो. सगळ्यांना वाटलं, गावात अंगात येणाऱ्या बाळासो भगताची नक्कल करतो तशीच सासूबाईंची करतोय. पोरांनी शिट्ट्या मारल्या. दाजींनी कॉलर धरून बाहेर काढलं. तू म्हणलीस, "माझ्या दारात परत पाय ठेवू नको." मला तर काय केलं तेच आठवत नव्हतं. सगळी म्हणली थट्टा केली, म्हणून मी बी म्हणलं, व्हय, केली. माझ्यासारख्यानं दुसरं काय केलं असणार?

पुण्यात डोक्याचा फोटो काढला. डाव्या कानाच्या वर, आतल्या अंगाला गाठ निघाली. भोक पाडून तुकडा काढला. एका लॅबनं एक जात सांगितली, दुसरीनं दुसरी. मग आप्पांनी तुकड्याच्या काचा गाठी तपासणाऱ्या एका मोठ्या मॅडमकडं नेल्या. मी हट्ट धरला, मला बघायचंय. दुर्बिणीत सगळं गुलाबी. त्यात मोठ्या पेशी, डोळ्यासारख्या, एखादीला तर दोन बुबुळं. त्यांच्या मधनं बारक्या, चांदणीसारखे पाय पसरलेल्या. मॅडम म्हणल्या, दोन्ही जाती एका गाठीत, असलं क्वचित निघतं. मोठ्या गप बसणाऱ्या, वाढत्यात त्या बारक्या. हळू वाढत असतील तर गाठ काढली की भागलं. जोरात असतील तर नंतर किरणांचा लाईट देणं, औषधं, लांबचं काम. आन् तुकडा एका कडेचा हाय, सगळी गाठ हातात आल्याबिगर सांगता येत न्हाई.

आप्पा म्हणले, "म्हंजी भेसळच की." मॅडम हसल्या न्हाईत. व्हय म्हणल्या.

सत्तावीस तारखेला काढणार. गाठ बोलण्याच्या जागेला चिकटलीय, म्हणून मला मधीच जागं करणार. चित्रं दाखवणार, मी नावं सांगायची. बोलणं अडखळलं की डॉक्टर तिथंच थांबणार. आता त्याची तालीम चालू हाय. उंट दाखवला, मी म्हणलं संपतमामा. वांगं दाखवलं, म्हणलं सरपंच. चित्रंवाल्या मॅडमनी पुस्तक मिटलं.

"संघर्ष, तिथं तू असं बोललास तर मी काय समजू? थट्टा, का शब्द गेला? उगाच थांबवलं तर गाठ आत राहील. न्हाई थांबवलं तर बोलणं जाईल."

मला कळतंय गं. पण भ्या वाटलं की माझ्या तोंडातनं थट्टाच निघती, ते माझ्या हातात न्हाई. मॅडम म्हणल्या, तुझी थट्टा ओळखणारं घरातलं माणूस तालमीला आण. डॉक्टर हो म्हणले तर आत बी बसवू.

आई म्हणली, मी येते. तिला मी पहिल्याच चित्राला फसवलं. आप्पा तर बघतच न्हाईत, बाहेर जाऊन उभं राहत्यात.

पूजेत तुला कळलं न्हाई, त्याचं काय न्हाई. मलाच कळलं नव्हतं. पण एक तुला ठाऊक हाय. लहानपणापासनं खोडी काढली की मी पहिलं तुझ्याकडं बघतो, हसलीस का म्हणून. त्या दिवशी आरतीत मी तुझ्याकडं बघितलं व्हतं का? आठव.

येत्या सोमवारी, चोवीसला, पुण्यात भरती व्हायचंय. दाजींना घेऊन ये, न्हाईतर एकटी ये. उंटाला मी मामा म्हणलो तर चित्राकडं बघू नको. माझ्याकडं बघ.

तुझ्याकडं बघत असंन तोवर शाबूत,
संघर्ष