बंदरावर दिलेली बॅग

हेनिंग,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं.

काल बाबांना पुरून आल्यावर कॉफी पिताना तू आत्याला सांगत होतास, "निदान शेवटची सफर तरी सुखाची झाली त्यांची." मी शेजारीच केक कापत होते.

कीलच्या बंदरावर तू सगळं सामान हमालांकडे देऊन टाकलंस, बाबांची छोटी बॅगसुद्धा. मी म्हटलं, "अरे, त्यात त्यांच्या हार्टच्या गोळ्या आहेत." तू म्हणालास, "संध्याकाळपर्यंत केबिनच्या दारात येतं गं सगळं. आईसारखी कटकट नको करूस." बाबा आणि मी जहाजात चढलो आणि तू घरी गेलास.

मोठ्या बॅगा आल्या, ती छोटी आलीच नाही. मी तुला फोन लावायला लागले, तर बाबांनी हात धरला. "त्याला नको सांगूस. किती हौसेने पाठवलंय त्याने. मी घेतो जहाजावरच्या डॉक्टरकडून." दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, "घेतल्या की." मी लगेच विश्वास ठेवला, कारण बाहेर छान ऊन पडलं होतं आणि मला डेकवर लोळायचं होतं.

चौथ्या दिवशी ते जेवता जेवता टेबलावरच कोसळले. जहाजावरची डॉक्टर म्हणाली, "हे माझ्याकडे कधी आलेच नव्हते."

काल हे सगळं तुझ्या तोंडावर सांगणार होते. पण मग तू विचारलं असतंस, "आणि तू काय करत होतीस?"

म्हणून आत्याने माझ्याकडे बघितलं, तेव्हा मीही म्हटलं, "हो, फार सुखाची झाली."

विबके