पुढे पळणाऱ्या लेकीला कारखाना देण्याबाबत

मी, खाली सही करणारा, एकेकाळचा रग्बी संघाचा कर्णधार व सध्या गाद्यांच्या कारखान्याचा मालक, माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीची व्यवस्था राजीखुशीने लिहून ठेवतो. मैदानावर डोक्याला पुष्कळ मार बसला हे खरे, परंतु डॉक्टरांनी तपासून "आहे तेवढं सगळं जागेवर आहे" असा निर्वाळा दिला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. सौ. दारात उभ्या आहेत, पण त्या नेहमीच असतात.

१. राहते घर व बँकेतील ठेवी सौ. यांस मिळाव्यात. माझे गुडघे शेकण्यात त्यांचा निम्मा संसार गेला. मी गेल्याबरोबर माझ्या ढाली माळ्यावर टाकणार, असे त्यांनी आजच सांगून ठेवले आहे. त्यास माझी सक्त हरकत आहे, पण तेव्हा ऐकतो कोण?

२. माझी जुनी जर्सी खांब्यास द्यावी. स्क्रममध्ये माझ्या खांद्याला खांदा लावून रेटणारा हा माझा जिवलग मित्र. अंतिम सामन्यात त्याने समोरच्याचा समजून माझा कान चावला. "अरे, चिखलात सगळे कान सारखेच!" हा त्याचा खुलासा मला आजतागायत मान्य नाही. जर्सी घेण्यापूर्वी त्याने माझ्या फोटोची माफी मागावी.

३. विक्री विभाग सांभाळणारे माझे मेव्हणे यांस माझी फिरती खुर्ची द्यावी. तिच्यावर त्यांचा फार वर्षांपासून डोळा आहे. खुर्ची त्यांनी स्वतःच्या घरी न्यावी आणि तिथेच फिरावे.

४. आता कारखाना. गुडघा गेला, खेळ सुटला, आणि पडण्याखेरीज मला दुसरे काही येत नव्हते, म्हणून गाद्यांच्या धंद्यात पडलो. प्रत्येक नव्या नमुन्यावर मी स्वतः धावत येऊन अंग टाकतो. हाड वाजले की गादी नापास. या एका पद्धतीवर कारखाना उभा राहिला. माझ्या मुलीने मात्र गादी दाबून पाहणारे यंत्र आणले.

"बाबा, लोक गादीवर झोपतात, तिच्याशी कुस्ती खेळत नाहीत!" असे ती सगळ्या कामगारांसमोर म्हणाली. कामगार हसले. मी यंत्र गोदामात टाकून कुलूप लावले. तिने रस्त्यापलीकडे उशांचा कारखाना काढला. उशा उत्तम आहेत. मी एक वापरतो. खोळ आपल्याकडची घातली आहे, त्यामुळे कोणाला कळायचे कारण नाही.

मागच्या आठवड्यात धावताना गुडघ्याने दगा दिला. गादी राहिली बाजूला आणि मी फरशीवर. उजव्या खांद्याचे हाड मोडले. मुलगी दवाखान्यात धावत आली. आता चार शब्द सुनावणार म्हणून मी तयारीत होतो, तर तिने खांद्याखाली उशी सारली आणि नुसतीच रडली. मला ते बघवले नाही. कारखाना तिच्याच हाती जावा, ही माझी इच्छा आहे.

"मग आत्ताच देऊन टाका की!" असे सौ. म्हणतात. त्यांना खेळ कळत नाही. रग्बीत चेंडू हाताने द्यायचा तो मागच्यालाच. पुढच्याला दिला की पंचाची शिट्टी. ही मुलगी जन्मापासून माझ्या पुढे पळते आहे. द्यायचा कसा? तेव्हा एकच मार्ग उरतो. मी मेलो की मी पुढे आणि ती मागे. त्या क्षणी कारखाना, यंत्र आणि या मृत्युपत्राच्या पाकिटात ठेवलेली गोदामाची किल्ली तिला मिळावी.

सही करण्यापूर्वीची भर: वरील मजकूर सौ. यांनी वाचला. त्या म्हणाल्या, "अहो, एवढ्यासाठी मरायला कशाला हवं? उद्या ती यायचीय ना? ती आली की उठून तिच्या आधी गोदामाकडे चालू लागा. येईल ती मागून."

हे नियमात बसते. पाकिटातील किल्ली काढून मी सदऱ्याच्या खिशात ठेवली आहे.

साक्षीदार: फॅमिली डॉक्टर, गाद्या शिवणाऱ्या मावशी (खांब्याची साक्ष वकिलांनी नाकारली, कारण जर्सी त्यालाच मिळायची आहे. तो बाहेर रुसून बसला आहे.)
सही: डाव्या हाताने केली आहे, वेडीवाकडी असली तरी माझीच.
ठिकाण: माझी गादी, तिची उशी.
दिनांक: लेक येण्याच्या आदल्या दिवशी.