कबरी बांधायचा खेळ

बाबा,

मी आईच्या कबरीकडे गेलेय. पुलाच्या रस्त्यासाठी आज तिची हाडं काढून नव्या कबरस्तानात नेणार आहेत. "मला बघवणार नाही," म्हणालात, तर येऊ नका. पण दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडू नका. कॉम्प्युटरवर खेळत बसा.

त्या दुसऱ्या खेळातलं मोटारींचं शहर मात्र आता बांधू नका. तुम्ही दरवेळी कबरस्तान वस्तीच्या मधोमध ठेवता, आणि लोक घरं सोडून पळाले की ओरडता, "रगदा, तुझा खेळ बिघडलाय!" तो बिघडलेला नाही. आपल्यासारखं कबरस्तानातच घर करून राहता येतं, कबरींमध्ये कपडे वाळत घालता येतात, लग्नं लावता येतात, हे तो बनवणाऱ्यांना ठाऊकच नाही. आपल्या कैरोच्या साहेबांना तरी कुठे आहे? मेले गाढव कुठले!

मी नाईलकाठच्या जुन्या राजांचा खेळ घालून ठेवलाय. त्यात पूर येतो, देव रुसतात, तुम्ही शिव्या द्याल. पण सगळं शहर राबतं ते कबर बांधायला, आणि ती पाडून कुणी रस्ता काढत नाही. आधी विटा साठवा, घाई करू नका.

मोलोखियाची पातळ पालेभाजी आणि भात झाकून ठेवलाय. खाल्ला नाहीत तर भांडेन.

फोन जवळ ठेवा. तिला नव्या जागी ठेवलं की लावते. दुसरं काही बोलू नका हवं तर, पण तिच्यासाठी फातिहाची प्रार्थना माझ्याबरोबर म्हणा. एकटीनं म्हणताना मला रडू फुटेल, आणि त्या माणसांसमोर मला रडायचं नाही.

तुमची
रगदा