तीस फेऱ्या

प्रिय शंकासुर,

हे नाव मीच ठेवलेलं, तेव्हा रागावू नकोस. माझं अक्षर पाहून तुझ्या मनात पाल चुकचुकली असेल, की आता बाईंना आणखी काय हवंय. तू आता शाळेत शिकवतोस हे आपल्या संगणकाच्या मशीनरूमच्या ऑपरेटरकडून कळलं. त्यालाही मी आडून आडूनच विचारलं; खोड जात नाही.

ज्या अणुगर्भाला मी माझ्या प्रबंधात गोल ठरवलं, बावीस वर्षं वर्गात गोल म्हणून शिकवलं, तो तुझ्या गणितात लांबट निघाला. महिनाभर आधी पलीकडच्या संशोधन गटानंही लांबटच छापला होता. मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय, तू त्यांचंच उत्तर उचललंयस. त्यात मी खोलीत आले की तू स्क्रीन झाकायचास. मग मी पासवर्ड बदलला, तू नसताना तुझा खण उघडला, ऑपरेटरला तुझ्याकडे कोण येतं ते विचारलं. काही सापडलं नाही, तर तू फारच हुशारीनं लपवलंयस असं ठरवून मोकळी झाले. तुझ्या प्रबंधावर सही केली नाही. तू भांडला असतास तर बरं झालं असतं. तू गप्प राहिलास, आणि मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

आपलं काम अंदाजानंच सुरू होतं, हे मीच तुला शिकवलं. प्रत्येक कण बाकी सगळ्यांनी मिळून केलेल्या सरासरी क्षेत्रात फिरतो, आणि ते क्षेत्र पुन्हा त्याच कणांचं. म्हणून आधी एक आकार धरायचा, त्यावरून क्षेत्र, क्षेत्रावरून कण, कणांवरून पुन्हा क्षेत्र, अशा फेऱ्या बदल थांबेपर्यंत घेत राहायचं. बदल थांबेपर्यंत, हे मी फळ्यावर दोनदा अधोरेखित करायचे.

गेल्या आठवड्यात निवृत्तीची आवराआवर करताना माझ्या जुन्या प्रोग्रामची तू काढलेली प्रत मिळाली. म्हणजे स्क्रीन झाकून तू माझाच प्रोग्राम चालवत होतास. एका ओळीशी पेन्सिलनं काहीतरी लिहून खोडलेलं होतं. खिडकीपाशी धरून वाचलं: 'तीसच फेऱ्या?' त्या काळी मशीन आम्हाला आठवड्यातून एक तास मिळायचं, म्हणून मी तिसाव्या फेरीला थांबवलं होतं, आणि पुढे विसरले. सुरुवात जवळजवळ गोलापासून होती, म्हणून उत्तरही गोल. काल तीनशे फेऱ्या दिल्या. चाळिशीनंतर गर्भ हळूहळू लांबू लागला आणि शेवटी तुझ्याच आकड्यावर येऊन थांबला.

तुला माझी चूक ठाऊक होती. जन्मभर शंका काढणाऱ्या मुलानं एक शंका खोडून टाकली, माझी लाज राखायला, आणि मी त्याचा खण उचकत होते. गोल गर्भाचा माझा जुना शोधनिबंध मागे घेत असल्याचं आज नियतकालिकाला कळवलंय. तुझ्या प्रबंधावर सही केली आहे. तोंडी परीक्षा माझ्या निवृत्तीआधी, येत्या एकवीस तारखेला आहे. तू येशील की नाही याची मला शंका आहे. आलास तर पहिला प्रश्न मी विचारणार नाही. तू विचार, सगळ्यांसमोर, तो खोडलेला.

तुझीच,
बाई